पोत्याची पिशवी



संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला की त्याने पगार, बोनस आणि संप एवढेच बोलावे, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज पिशवीवर बोलणार आहे. पगार त्यात येईलच.

2017 साली बॅलेन्सियागा या पॅरिसच्या नामांकित फॅशनगृहाने निळ्या चामड्याची एक पिशवी विक्रीला काढली. किंमत 2,145 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वा लाख रुपयांहून अधिक. दिसायला ती थेट आयकिया या स्वीडिश फर्निचरवाल्याच्या ‘फ्राक्टा’ पिशवीची बहीण! आणि फ्राक्टा अमेरिकेत 99 सेंटला मिळत होती. आयकियाने उत्तरादाखल एक जाहिरात दिली. अस्सल फ्राक्टा ओळखायची कशी? हलवून पाहा, सळसळली तर खरी; मळली तर पाण्याच्या नळीने धुऊन काढा. मग लोकांनाही चेव आला. फ्राक्टा कापून कोणी टोप्या शिवल्या, कोणी पाकिटे.

आता गंमत अशी, की फ्राक्टा ज्या पॉलिप्रॉपिलीनच्या विणीची असते, तसल्याच विणीच्या पोत्यांतून आपल्याकडे तांदूळ येतो, साखर येते. सव्वा लाखाचा नमुना आपल्या माळ्यावर घडी घालून पडला आहे म्हणा ना!

तो शिवायचा कसा? पोते तांदळाचे घ्या. औषधफवारणीचे किंवा खताचे नको. कापलेल्या कडेचे धागे सुटतात, म्हणून कड दोनदा दुमडल्याशिवाय सुई लावू नये. टाके लांब घालावेत. बारीक टाक्यांनी भोकांची रांग पडते आणि ओझे आले की नेमके तिथेच फाटते. पट्टा नवारीचा. तो तोंडाशी जोडून थांबू नका. एका बाजूने खाली नेऊन बुडाखालून दुसऱ्या बाजूला वर आणा. मग भार शिवणीवर न पडता पट्ट्यावर पडतो. हमालाला हे सांगावे लागत नाही, तो दोरी ओझ्याखालूनच घेतो. आणि पिशवी उन्हात टांगून ठेवू नका, प्लास्टिक ठिसूळ होते.

एवढे झाल्यावर कोणीतरी येतो आणि म्हणतो, “बाई, शिवण झकास आहे. एवढे हे नावाचे लेबल तेवढे लावून द्या.” इथे सावध! घरी वापरायला पिशवी शिवणे निराळे आणि दुसऱ्याच्या नावाचे खोटे लेबल लावून ती बाजारात धाडणे निराळे. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. लेबल आणून देणारा हुशार असतो. त्याचा पत्ता कोणापाशी नसतो. मशीन सापडते ते बाईच्या घरात.

नगावर शिवणाऱ्या भगिनींना माझे सांगणे एवढेच, की घड्याळ समोर ठेवून दहा पिशव्या शिवा. कापणे, दुमडणे, दोरा तुटला तो वेळ, सगळा धरा. त्यात वीज, सुया आणि मशीनचे तेल मिळवा, कारण मालकाच्या हिशेबात ते कधीच नसते. तासाला काय पडले ते कागदावर मांडा आणि तो कागद घेऊन पाचजणी मिळून दर ठरवायला जा. एकटीने जाऊ नका.

एक शिवलेली पिशवी मी सोबत आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची त्यांनी ती उलटी करून पाहावी. शिवण आतून दिसते.