झाकण, आई आणि फोन
(उत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



मी वाचा-उपचार करते. त्यातही दोन ते पाच वर्षांच्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर. भिलाईहून नागपूरच्या तज्ज्ञाकडे दर आठवड्याला जायचे तर शिफ्ट ड्यूटीवाल्यांना ते जमणार कसे? म्हणून आता माझे बरेच काम व्हिडिओ कॉलवर चालते. एक समज मात्र आधीच दूर करते. पडद्यावरून मी मुलाला शिकवत नाही. अडीच वर्षांचे पोर पडद्यासमोर बसेल कशाला? मी शिकवते आईबाबांना.

घरातल्या कोणीतरी मुलाशी खेळतानाचे दहा मिनिटांचे चित्रण करायचे आणि मला पाठवायचे. मग आम्ही ते एकत्र पाहतो. जिथे काही छान जमले आहे तिथे थांबवून मी विचारते, "इथे त्याने काय केलं? मग तुम्ही काय केलंत?" उत्तर पालकांनीच शोधायचे.

एका घरातला मुलगा डब्याचे झाकण गरगर फिरवत बसायचा. आई बिचारी पोटतिडकीने विचारायची, "हे काय आहे? रंग कोणता? सांग ना रे!" तो पाठ फिरवायचा. काही आठवड्यांनंतरच्या चित्रणात आई त्याच्यासमोर जमिनीवर बसली आहे. झाकण पडले तसे ती म्हणाली, "पडलं!" आणि गप्प राहिली. हे गप्प राहणे फार अवघड असते, विशेषतः आपल्या घरांत! थोड्या वेळाने मुलाने झाकण उचलून तिच्या हातात दिले आणि तिच्याकडे पाहिले. बाबा रात्रपाळी करून आले होते. फोन त्यांच्या हातात होता, तो हललेला दिसतो.

या पद्धतीमागे अभ्यास आहे. इंग्लंडमध्ये १५२ मुलांवर झालेल्या 'पॅक्ट' चाचणीचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. तिचेच आपल्याकडचे रूप 'पास' गोवा आणि रावळपिंडी येथे ६५ मुलांच्या कुटुंबांत तपासले गेले. निष्कर्ष २०१६ चे. तिथे मार्गदर्शन करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते होते, आणि ते घरी जात. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मुले आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळीच मोजमापे सुधारली असे नाही, हेही सांगते. आजार 'बरा' करण्याचा दावा कोणी करत असेल तर त्यापासून लांब राहा.

आता आपला, बाहेर राहणाऱ्या मराठी माणसांचा प्रश्न. "मूल बोलत नाही ना, मग घरी मराठी बंद करा, फक्त हिंदी किंवा इंग्रजी बोला," असा सल्ला अनेकांना मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचे बोलणे मागे पडते असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. उलट परक्या भाषेत आई तोलूनमापून बोलते, आजी तर गप्पच होते. "पडलं!" हे ज्या सहजतेने तोंडातून निघते, त्यावरच आमचे सारे काम उभे आहे.

दोन वर्षांचे मूल हाकेला ओ देत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, तर "बाबाही उशिराच बोलला" म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांना भेटा. कोणाला माझ्याशी बोलायचे असेल तर आरतीनंतर मी मंडपामागच्या खोलीत आहे. आजी-आजोबांनीही यावे, चित्रणात बहुतेक वेळा प्रश्न तेच विचारत असतात.