सहा महिन्यांचा कागद आणि बारा तासांची ड्युटी

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या नागपूर येथील शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितलं आहे, तो दिसायला साधा आहे. बारावी झालेल्या मुलीने, किंवा नवऱ्यापासून वेगळं होऊन दोन लेकरं वाढवणाऱ्या बाईने, दवाखान्यात काम मिळवायचं तर कोणतं शिक्षण घ्यावं? वस्तीत हा प्रश्न निघाला की शेजारपाजारचं उत्तर ठरलेलं असतं: "नर्सिंगचा एखादा कोर्स कर, लगेच लागशील." आणि ती लागतेही. आपल्या नागपुरात दवाखान्यांना तोटा नाही. मेडिकल 1947 पासून आहे, मेयो आहे, बाळंतपणासाठी डागा आहे, 2018 साली एम्स आलं. शिवाय धंतोली आणि रामदासपेठेत तर एका गल्लीत पाच-पाच पाट्या. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीपासून पलीकडच्या बालाघाटपर्यंतचे पेशंट इथे येतात. त्याच गावांतून मुलीही येतात, एक बॅग आणि दहावीची गुणपत्रिका घेऊन.

प्रश्न काम मिळण्याचा नाहीच. प्रश्न असा आहे की हातात जो कागद येतो तो तिला काय करण्याचा अधिकार देतो, आणि काही बिघडलं तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं.

आधी वाटा कोणत्या आहेत ते पाहू. दारावरच्या पाटीवर सगळीकडे एकच शब्द असतो, 'नर्सिंग'. पण त्या एका शब्दामागे निदान तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पहिली वाट खऱ्या नर्सिंगची. यातली सर्वात जवळची पायरी ए.एन.एम., म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. 1973 साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्यसेवकांची शिफारस केली आणि पुढे उपकेंद्रातली ए.एन.एम. 'आरोग्यसेविका' झाली. खेड्यात जिला आपण सिस्टर म्हणतो ती हीच. हा कोर्स एकेकाळी दहावीनंतर दीड वर्षाचा होता. आता बारावीनंतर दोन वर्षांचा आहे. त्यासाठी सायन्सच लागतं असं नाही, आर्ट्सची मुलगीही जाऊ शकते. वय 17 ते 35. म्हणजे तिशीत पुन्हा उभ्या राहणाऱ्या बाईलाही हे दार बंद नाही, हे लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी शरीरशास्त्र, आहार, मानसिक आरोग्य, संसर्ग आणि लसीकरण, प्रथमोपचार, बालआरोग्य. दुसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र आणि आरोग्यकेंद्राचं व्यवस्थापन, आणि शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष काम. त्यावरची पायरी जी.एन.एम., तीन वर्षांची, आणि मग बी.एस्सी. नर्सिंग. या तिन्हींची नोंदणी राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे होते. नोंदणी झाली की ती नर्स. नोंदणी नाही तर अंगावर पांढरा एप्रन असो की निळा, कायद्याच्या नजरेत ती नर्स नाही.

दुसरी वाट तंत्रज्ञांची: लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस. यासाठी 2021 साली संसदेने राष्ट्रीय कायदा केला. त्या कायद्यात तंत्रज्ञाच्या डिप्लोमाला निदान 2000 तास आणि निदान दोन वर्षं असं माप घातलं आहे. 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन व्हा' अशी जाहिरात दिसली की हा हिशेब करा. रोजचे आठ तास धरले तर 2000 तासांना अडीचशे दिवस लागतात, तेही एकही सुटी न घेता.

तिसरी वाट रुग्णसहाय्यकाची. सरकारी कौशल्य योजनेत तिला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात. काही महिन्यांचं प्रशिक्षण असतं. पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ठराविक वेळाने कुशीवर वळवणं म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत, ताप-नाडी-बीपी मोजून लिहून ठेवणं, हात कसे आणि केव्हा धुवायचे हे शिकणं. हे काम हलकं नाही आणि हलकं मानूही नये. ज्याच्या घरी लकव्याचा म्हातारा आहे त्याला विचारा याची किंमत. पण या कामाला मर्यादा आहे. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं, औषधाचा डोस ठरवणं हे यात बसत नाही. ते नर्सचं आणि डॉक्टरचं काम.

आता खरी मेख पुढे आहे. या तिन्ही वाटांना चिकटून एक चौथी वाट तयार झाली आहे, आणि आपल्या बहुतेक मुली त्याच वाटेने जातात. दोन खोल्यांची संस्था, एक प्लॅस्टिकचा पुतळा, सहा महिने किंवा वर्षाचा 'नर्सिंग डिप्लोमा'. फी हप्त्याने. त्यासाठी आई बचत गटातून कर्ज काढते. शेवटी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळतं, त्यावर तीन शिक्के असतात, पण नर्सिंग कौन्सिलचा त्याच्याशी काही संबंध नसतो. 'प्रॅक्टिकल' म्हणून तिला एखाद्या दवाखान्यात पाठवतात आणि तिथे ती महिनोन्महिने बिनपगारी राबते. कोर्स संपला की तोच दवाखाना तिला ठेवून घेतो, बारा तासांची ड्युटी आणि नोंदणीकृत नर्सच्या निम्म्याहून कमी पैसे. आणि काम कोणतं? इंजेक्शन, सलाईन, ड्रेसिंग, रात्री एकटीने वॉर्ड. म्हणजे काम नर्सचं, पगार आयाचा आणि अधिकार कोणाचाच नाही.

महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा 1949 सालापासून आहे. योग्य प्रमाणात पात्र नर्सेस नसतील तर नोंदणी नाकारता येते, असं तो कायदा सांगतो. कायदा जुना आहे, पण तो तपासायला रात्री वॉर्डात जातो कोण?

कोणी म्हणेल, चाललं आहे ना, हाताला काम आहे ना? तर बिघडल्यावर काय होतं ते पाहू. दोन घटना आपल्याच विदर्भातल्या, दोन्ही एकाच महिन्यातल्या. 9 जानेवारी 2021 च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. त्यानंतरच्या कारवाईत सिव्हिल सर्जनचं निलंबन झालं आणि कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. शब्दांतला फरक ऐका. निलंबन म्हणजे नोकरी टांगणीला लागते, पण चौकशी होते, म्हणणं मांडता येतं. सेवा संपली म्हणजे संपली. पुढे पोलिसांत गुन्हा दाखल झाला तोही परिचारिकांवर. दोष कोणाचा किती होता हे इथे बसून आपण ठरवणार नाही. पण त्या तर प्रशिक्षित होत्या, सरकारी रुग्णालयात होत्या. जिच्याजवळ फक्त सोनेरी काठाचा कागद आहे तिचं काय होईल, याचा विचार करा.

दुसरी घटना त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवसाची. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओच्या मोहिमेत 12 लहान मुलांना थेंबाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. कारवाईच्या यादीत डॉक्टर, आरोग्य कर्मचारी आणि आशाही होती. बाटली हातात घेतली की आधी लेबल वाचायचं, तोंडात थेंब टाकण्यापूर्वी पुन्हा वाचायचं: ही सवय प्रशिक्षणाने लागते, दटावून लागत नाही. प्रशिक्षण म्हणजे पोरीला चार इंग्रजी शब्द येणं नव्हे. समोरच्याचा जीव आणि तिची स्वतःची भाकरी, दोन्ही वाचवणारी ती गोष्ट आहे.

तिचा स्वतःचा जीवही त्यात आला. सुई टोचणं ही या कामातली रोजची भीती. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवायचं नाही. टोचलीच तर बोट पिळायचं नाही, चोखायचं तर नाहीच. साबण-पाण्याने धुवायचं आणि ताबडतोब सांगायचं. एच.आय.व्ही.ची शक्यता असेल तर प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवं, आणि ते 28 दिवस घ्यायचं असतं. काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसांत सहा महिन्यांत पुरी होते. जैविक कचऱ्याबाबतच्या 2016 च्या नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ही लस देणं आणि दरवर्षी प्रशिक्षण देणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. हे उपकार नाहीत. तुमच्या वस्तीतल्या किती आयांना ही लस मिळाली, घरोघरी जाऊन एकदा विचारा.

आणि रात्रपाळीचं? केईएम रुग्णालयात 1973 साली अरुणा शानबागवर हल्ला झाला तो तिच्या कामाच्याच ठिकाणी. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात रुग्णालय आणि नर्सिंग होम ही कामाची ठिकाणं म्हणून नावानिशी लिहिलेली आहेत. पगार घेणारीच नव्हे, प्रशिक्षणार्थी मुलगीही त्यात येते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दवाखान्यात अंतर्गत समिती नसते, पण जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, तीन महिन्यांच्या आत. ब्युरोमार्फत एखाद्याच्या घरी पेशंट सांभाळायला जाणाऱ्या बाईलाही हाच कायदा लागू आहे.

मैत्रिणींनो, 'सेवा' या शब्दापासून जरा सावध राहू या. आजारी माणसाचं अंग पुसणं, मलमूत्र काढणं हे काम घरात बाईच्या वाट्याला, आणि बाहेर दलित, आदिवासी, गरीब बाईच्या वाट्याला. ते तिला जन्मतःच येतं असं धरून चालायचं, म्हणून शिकवायला नको, आणि सेवा आहे म्हणून पैसेही नकोत. कोविडमध्ये यांच्यावर फुलं उधळली गेली. जून 2021 मध्ये देशभर एक लाख लोकांना झटपट प्रशिक्षण देण्याची योजना निघाली. लाट ओसरली तशी कंत्राटंही ओसरली.

मग आपण काय करायचं? फी भरण्यापूर्वी मुलीला तीन प्रश्न विचारायला शिकवू. या कोर्सची नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे होते? कागद मिळाल्यावर मी कोणतं काम करू शकते आणि कोणतं नाही? प्रॅक्टिकल कुठे, किती तास आणि शिकवणारी नोंदणीकृत नर्स कोण? उत्तरं लेखी मागायची. नर्सिंगचा कोर्स असेल तर संस्थेचं नाव कौन्सिलच्या यादीत स्वतः पाहायचं. आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही कपाटात ठेवायची नाही, झेरॉक्सच द्यायची.

पण जिने आधीच फी भरली, जी आज रात्री ड्युटीवर आहे, तिला 'बोगस नर्स' म्हणून हाकलून देण्याच्या मोहिमेत आपण सामील होऊ नये. तो चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार होईल. कोर्स विकणारा मोकळा आणि स्वस्तात राबवणारा मोकळा. आपली मागणी अशी असावी: तिच्या कामाचा अनुभव मोजा, ए.एन.एम.ला प्रवेशासाठी तिला शिष्यवृत्ती आणि वसतिगृह द्या, लेकरांसाठी पाळणाघर द्या, आणि तोपर्यंत रुग्णसहाय्यक म्हणून नेमणूकपत्र, किमान वेतन आणि लस द्या. ती जे शिकलेली नाही ते काम तिच्याकडून करून घेऊ नका. 'हे माझं काम नाही, नर्सला बोलवा' असं म्हणणाऱ्या बाईची नोकरी जाणार नाही, एवढं बळ तिच्यामागे उभं करणं हे संघटनेचं काम आहे.

पुढच्या महिन्यात प्रत्येकीने आपापल्या वस्तीतल्या अशा दहा जणींची प्रमाणपत्रं पाहावीत, नेमणूकपत्र आहे का विचारावं, ड्युटीचे तास लिहून आणावेत. ही यादी हातात आली की संस्थांकडे, दवाखान्यांकडे आणि कामगार आयुक्तांकडे एकत्र जाऊ. एकटी गेली तर तिला दारातूनच परत पाठवतील. शंभरजणींची लेखी यादी घेऊन गेलो तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.