रंधा यंत्राची निवड : आधी हिशेब, मग खरेदी
(भाषणाचा मजकूर)



सुरत शहराचे लाकूडकामाशी असलेले नाते जुने आहे. जहाजबांधणीत निष्णात असलेले लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली येथूनच मुंबईस गेले. लाकडाच्या बारीक काड्यांचे जुडगे चिकटवून, त्याचे पातळ काप पेटीवर बसविण्याची सादेली कलाही याच शहराची. आज खानदेशातून येऊन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही सुतारकामाचे लहान कारखाने चालविणारे कारागीर आहेत. काम वाढले की त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : फळीची जाडी एकसारखी करणारे मोठे रंधा यंत्र, म्हणजे थिकनेस प्लेनर, घ्यावे काय?

प्रथम गरज मोजावी. शाळेच्या बाकांसाठी २ मीटर लांबीच्या १०० फळ्या करावयाच्या आहेत, असे समजू. प्रत्येक फळी चार वेळा यंत्रातून गेली, तर ८०० मीटर काम होते. मिनिटास ६ मीटर वेगाने त्यास सव्वादोन तास लागतात. १२-१३ इंची हलके यंत्र असे काम रोज करू लागले की तापते, थांबते. बिडाच्या जड बैठकीचे व इंडक्शन मोटारीचे यंत्र ते दिवसभर पेलते. मोठ्या यंत्राचा पहिला लाभ रुंदीचा नसून दमाचा आहे.

रुंदीचा निर्णय वहीवरून घ्यावा. तीन महिने प्रत्येक कामातील सर्वांत रुंद फळी लिहून ठेवावी. २० इंची फळी महिन्यातून एखाद्या वेळीच येत असेल, तर ती मजुरी देऊन बाहेरून रंधून घेणे परवडते. केवळ शेजाऱ्याकडे २४ इंची यंत्र आहे, म्हणून कर्ज काढणे शहाणपणाचे नव्हे.

कामाची सफाई पात्यांवर अवलंबून असते. तीन पात्यांचा दंड मिनिटास ५,००० फेरे घेत असेल आणि फळी ६ मीटर वेगाने सरकत असेल, तर दर ०.४ मिलिमीटरवर एक काप पडतो. वेग १० मीटर केल्यास हे अंतर ०.६७ मिलिमीटर होते व पृष्ठभाग खडबडीत दिसतो. सागात वाळूसारखा सिलिका असल्याने पाती लवकर बोथटतात. जुन्या घरांचे सागवान वापरताना खिळे आधी शोधून काढावेत.

एक गोष्ट विसरता कामा नये. हे यंत्र वाकडी फळी सरळ करीत नाही. रूळ तिला दाबून सपाट धरतात व बाहेर येताच ती पुन्हा वाकते. म्हणून एक बाजू आधी सरफेस प्लेनरवर सपाट करावी लागते. ती सोय नसेल, तर तिचाच विचार प्रथम करावा. ५ अश्वशक्तीच्या मोटारीस सुमारे ३.७ किलोवॉट भार लागतो. थ्री फेज जोडणीची मंजुरी खरेदीपूर्वीच घ्यावी.

यंत्राच्या किमतीत सुरक्षिततेचा खर्च धरलाच पाहिजे. दोन रुळांमधील अंतरापेक्षा आखूड तुकडा आत घालू नये. असमान जाडीच्या दोन फळ्या एकदम सारू नयेत, कारण पातळ फळी नीट पकडली न जाता मागे उसळते. अडकलेल्या ढलप्या वीज तोडल्यावरच काढाव्यात. सैल बाह्या व हातमोजे टाळावेत. लाकडाची धूळ कर्करोगास कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले आहे. तेव्हा धूळ ओढणारा पंखा ही चैन नव्हे. फळीपुढे उभा राहणारा शिकाऊ मुलगा कोणाच्या तरी घरचा आधार असतो.

भांडवलासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांचा समावेश आहे. तीत पात्र कारागिरास तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. परंतु हप्ता यंत्राच्या रुंदीतून फिटत नाही. तो रोजच्या कामातून फिटतो. वही आधी भरावी आणि मगच दुकानाची पायरी चढावी, यातच कारागिराचे हित आहे.