बोळातली जावा

जावा मोटारसायकलला किक आणि गिअर यांच्यासाठी दांडा एकच. तो डाव्या बाजूला असतो. पायाने खाली-वर केला की गिअर पडतो, आणि तोच आत दाबून मागे फिरवला की त्याची किक होते. गिअर बदलताना हाताचा क्लच दाबला नाही तरी चालतं, कारण दांडा हलू लागताच आतली यंत्रणा आपणहून क्लच सोडवते. पहिल्यांदा जावावर बसलेला माणूस इथेच गोंधळतो. आणि वर्षानुवर्षं बंद असलेली जावा सुरू करायला निघालेला माणूस पहिलं नुकसान याच दांड्यावर करतो. जाम झालेल्या इंजिनाला तो सगळा जोर लावून किक मारतो. पिस्टन जागचा हलत नाही. किकचे दाते मात्र तुटतात.

श्रोतेहो, वाड्याच्या बोळात, जिन्याखाली, गोठ्याच्या कडेला गोणपाट टाकून ठेवलेल्या अशा गाड्या महाराष्ट्रात आजही बऱ्याच सापडतात. कुणाच्या आजोबांची, कुणाच्या काकांची. भंगारवाला दारावर येऊन वजनावर भाव सांगतो आणि घरातलं कुणीतरी नको म्हणतं. त्या "नको" पासून गाडी पुन्हा रस्त्यावर येईपर्यंत काय काय करावं लागतं, त्याविषयी आजचं हे बोलणं.

जावा मूळची प्रागची. शस्त्रांचा कारखाना चालवणारे फ्रांटिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून 500 सीसी मोटारसायकलचा आराखडा विकत घेतला, दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडली आणि जावा उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या अभियंत्यांनी लपूनछपून नवी 250 सीसी गाडी तयार केली. ती 1946 मध्ये 'पेराक' या नावाने बाहेर पडली. आपोआप सुटणारा क्लच ही पेराकचीच देणगी. भारतात रुस्तम आणि फरोख इराणी यांनी आयडियल जावा ही कंपनी काढली आणि 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. 1973 पासून टाकीवर 'येझदी' हे नाव आलं. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. मद्रासची बुलेट, फरिदाबादची राजदूत आणि म्हैसूरची जावा-येझदी, या तीन गाड्यांवर भारतातल्या मोटारसायकलवाल्यांच्या दोन पिढ्या वाढल्या.

या तिघींत घरी उघडायला सर्वांत सोयीची जावा. तिचं इंजिन टू-स्ट्रोक आहे: व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. 65 मिलिमीटरचा बोअर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, एकूण 248.5 सीसी. वर-खाली होणारा पिस्टन, त्याचा कनेक्टिंग रॉड आणि गरगरणारा क्रँक, एवढाच तिचा मुख्य पसारा. ही गाडी ज्या काळात बनली, त्या काळात मालकाने ती स्वतः उघडावी, साफ करावी आणि परत जोडावी असं गृहीतच धरलेलं होतं. सायलेन्सरची आतली नळी काढून काजळी खरवडता येते, पॉइंट जागेवर बसून घासता येतात, हेड काही नट सोडले की हातात येतं. म्हणूनच घाईचं इथे काही कारण नाही. आणि जे मूळ आहे ते फेकून देण्याचं तर मुळीच नाही.

खर्चाला हात घालण्याआधी कागद बघावेत. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी अंक अन् अंक ताडून पाहायचा. चेसिसवरचा नंबर रंगाच्या थराखाली दबलेला असेल तर थिनर आणि फडकं घेऊन तो मोकळा करावा. तिथे ग्राइंडर कदापि लावू नये, कारण पुसट झालेला नंबर आरटीओत संशयाचा विषय होतो. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी चढवण्यासाठी नमुना 31 भरावा लागतो. 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये वेगळी तरतूद केली. त्यात 'व्हीए' अक्षरांची खास नंबरमालिका मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षं टिकते. पण ती घेतल्यावर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. ज्याला आजोबांच्या जावावरून भाजी आणायला जायचं आहे, त्याने साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करून घ्यावं हे बरं.

मग पाने बाहेर काढायचे. त्याहीआधी मोबाइल. कुठली वायर कुठून जाते, कुठला वायसर कुठल्या नटाखाली आहे, याचे फोटो प्रत्येक टप्प्यावर काढून ठेवले नाहीत तर महिन्याभराने जोडताना घाम फुटतो. नट-बोल्ट ठेवायला श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम: झाकण घट्ट बसतं आणि त्यावर मार्करने "पुढचा मडगार्ड", "क्लच कव्हर" असं लिहिता येतं. मूळ बोल्ट गंजलेला दिसला तरी टाकू नये. डिझेलमध्ये बुडवून पितळी ब्रशने घासले की असे बरेचसे बोल्ट पुन्हा कामाला येतात, आणि बाजारातल्या बोल्टपेक्षा ते अधिक नीट बसतात.

जाम इंजिनाला उतारा असतो तो वेळेचा. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑइल यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये सोडावं आणि गाडी तशीच राहू द्यावी. रोज थोडं थोडं ओतत राहावं. काही दिवसांनी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे झुलवावं. चाकावर पडलेला जोर सावकाश आणि सारखा पोचतो, म्हणून ते किकपेक्षा सुरक्षित. एखाद्या दिवशी चाक बोटभर जास्त फिरतं, आणि कामाला लागलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

पिस्टन सुटला, ठिणगी पडली, गाडी फुरफुरली की बहुतेक जण इंजिन तसंच ठेवून रंगाच्या मागे लागतात. घरी केलेली बरीच कामं इथेच फसतात, म्हणून या जागी थोडं थांबायला हवं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. तेव्हा क्रँककेस हवाबंद असावीच लागते. ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सील. वीस-पंचवीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीत त्यांचं रबर वाळून कडक झालेलं असतं. डाव्या बाजूचं सील गेलं तर शेजारच्या क्लच-गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि गिअरबॉक्स कोरडा होत जातो. उजवं सील गेलं तर धूर नाही, आवाज नाही, काहीच कळत नाही. तिथून नुसती हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन ॲक्सिलरेटर सोडल्यावरही चढंच राहतं आणि लांबच्या रस्त्यावर तापून पिस्टन सीझ होतो. सीलची किंमत किरकोळ असते. ते बदलायला डाव्या बाजूचा क्लच आणि प्रायमरी चेन उतरवावी लागते आणि उजवीकडे डायनामो, एवढाच त्रास. डायनामोचा रोटर क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. तो हातोडीने ठोकू नये; मधला बोल्ट काढून तिथे पुलरचा बोल्ट फिरवला की टक्कन सुटतो.

सिलिंडर झिजला असेल तर लेथवाल्याकडे जावंच लागतं. कोल्हापूर, पुणे, सांगली, नाशिक इथे जुन्या इंजिनांचे बोअर करून देणारे कारागीर अजून आहेत. त्यांच्याकडे जाताना नवा पिस्टन सोबत न्यायचा, कारण बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. जावाचे ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने येतात. बोअर आणि होनिंग झाल्यावर एक बारीक काम उरतं, ते अनेकांकडून राहून जातं. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट, म्हणजे खिडक्या, असतात. बोअर केल्यावर त्या खिडक्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. पिस्टनची रिंग धावता धावता त्या धारेत अडकली की मोडते आणि तिचा तुकडा सगळा नवा बोअर ओरबाडून काढतो. म्हणून बारीक तेलदगड घेऊन प्रत्येक खिडकीच्या कडेवरून बोट बिनधास्त फिरेपर्यंत हलक्या हाताने धार मारायची. चांगला कारागीर न सांगता करतो. तरी घरी आल्यावर बोट आत घालून बघावं.

क्रँकच्या बाबतीत मात्र घरगुती हौस आवरावी. जावाचा क्रँक दाबून जोडलेला असतो. त्याचा बिग एंड बदलायला प्रेस लागते आणि नंतर डायल गेज लावून तो शतांश मिलिमीटरच्या हिशेबात सरळ करावा लागतो. हे काम ज्याच्याकडे ती यंत्रं आहेत त्याचंच.

कार्ब्युरेटरचा फ्लँज जास्त आवळल्याने वाकलेला असतो आणि तिथूनही चोरून हवा येते. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर फ्लँज गोल गोल घासला की तो सपाट होतो. पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर. उंदरांनी वायरिंग खाल्लेलं असेल तर जोड मारत बसू नये, सगळं नवं ओढावं. मूळ 6 व्होल्टचा दिवा मिणमिणता, म्हणून आज पुष्कळ जण 12 व्होल्टचं रूपांतर करतात. रात्री चालवायची असेल तर ते शहाणपणाचं आहे. दिवसाच चालवायची असेल तर डायनामोचे कार्बन ब्रश बदलून जुनी व्यवस्था राखावी. ब्रेक लायनरची धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून ती धूळ ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

टाकीचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. आतला गंज काढायला व्हिनेगर किंवा फॉस्फोरिक आम्ल घालून, मूठभर छोटे नट टाकून टाकी खळखळवायची, मग पाण्याने धुऊन लगेच वाळवायची आणि तेलाचा हात द्यायचा, ही पद्धत जुनीच. पण आज पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि साठच्या दशकातलं रबर फुगवतं. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वायसर, कार्ब्युरेटरचं गॅस्केट हे सगळं आजच्या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं घ्यावं, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

सुटे भाग मिळतात. म्हैसूरचा कारखाना गेला तरी पुण्याच्या जुन्या बाजारात, जुन्या दुकानदारांच्या माळ्यावर आणि थेट चेक देशातून भाग येत राहतात, कारण तिथेही या गाड्या जिवापाड जपल्या जातात. 2018 मध्ये भारतात जावा नावाने नवी गाडी आली. तिचं इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारं आहे, तिचे भाग जुन्या गाडीला बसत नाहीत.

राहिला रंग. पुष्कळ घरी गाडी सरळ पत्र्यापर्यंत घासून तिला आरशासारखी चकाकी देतात. त्यात मूळ मरून रंग जातो, टाकीवरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा जातात, आणि क्रोमवाल्याने बफिंग जास्त मारलं तर टाकीच्या कडाही बोथट होतात. मूळ रंग अर्धाअधिक शाबूत असेल तर तो तसाच ठेवावा. आधी रबिंग कंपाउंड आणि मेण लावून बघावं. धुळीखालून बऱ्याचदा चांगला रंग निघतो. जिथे पत्रा सडला आहे तिथेच कापून नवा जोडावा आणि तेवढाच भाग रंगवावा. नवा रंग केव्हाही देता येतो, कारखान्यातला पहिला रंग एकदाच मिळालेला असतो. आजोबांच्या बुटाने घासलेला क्रँककेसचा भागसुद्धा पॉलिश करून घालवू नये असं ठाम वाटतं.

नवा पिस्टन बसवलेली गाडी पहिले 500 किलोमीटर हळूच चालवायची. लिटरमागे 40 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल पेट्रोलमध्ये आधी मिसळून मगच टाकीत ओतायचं, 40-45 च्या वर जायचं नाही, एका वेगावर फार वेळ राहायचं नाही आणि चढावर इंजिन कण्हू लागलं की लगेच गिअर खाली टाकायचा. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं आणि हेडचे नट समोरासमोरच्या जोडीने पुन्हा आवळावेत. प्लग काढून बघावा: काळाकुट्ट आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे, पांढराफटक असेल तर कुठून तरी हवा येते आहे, आणि तेव्हा गाडी न चालवता पुन्हा त्या उजव्या सीलपासून तपासायला लागावं. प्लग तपकिरी दिसला की पुढचे 500 किलोमीटर वेग थोडा वाढवायला हरकत नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा-येझदी दिवस पाळतात. अनेक जण घरची गाडी त्या दिवसापर्यंत तयार व्हावी म्हणून पाडव्यालाच काम सुरू करतात.