कुत्र्यासह राहावयाची जागा

(जोतिबाच्या डोंगरावर निवृत्त शिक्षकांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने कुत्र्याविषयी बोलावयास उभे राहावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मला आज एक कबुली द्यावयाची आहे आणि तीत एक कुत्रा आहे.

मुंबईत मुलुंडला माझे एक लहानसे घर आहे. एक निजावयाची खोली, बैठकीची खोली व स्वयंपाकघर. हल्ली सर्रास ज्याला 'वन बीएचके' म्हणतात तसे. भविष्यनिर्वाह निधी आणि कर्ज यांच्या आधारे ते घेतले. निवृत्तीनंतर मी कोल्हापुरास आलो आणि २०२३ साली ते भाड्याने द्यावयाचे ठरविले. पहिली आली ती परळच्या एका रुग्णालयातील परिचारिका. तीस हजार भाडे, तीन महिन्यांची अनामत, दलालाचा एक महिना, सारे तिने मान्य केले. उठता उठता म्हणाली, "सर, आधीच सांगते. वडील गेले, त्यांचा म्हातारा कुत्रा माझ्यापाशी आहे." मी म्हणालो, "आमच्या सोसायटीत चालत नाही, बाई." वस्तुतः मी सोसायटीला विचारलेदेखील नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुसरा भाडेकरू मिळाला. माझ्या नकाराची मला पडलेली किंमत एवढीच : दोन दिवसांचे भाडे. गॅरी बेकरने १९५७ साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिले. स्पर्धेच्या बाजारात भेदभाव करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, हा त्यातला विचार मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविला. पण दाराशी रांग लागलेली असली की ही किंमत शून्याच्या जवळ जाते, हे मला त्या दोन दिवसांत कळले. मग भाड्याचा आकडा निवड करीत नाही. मालकाची लहर करते. कोणाला मांसाहारी नको, कोणाला मुसलमान नको, कोणाला एकटी बाई नको. कुत्रा हे या चाळणीचे सर्वांत सभ्य छिद्र. त्यातून माणूस गाळला तर कोणी आपल्याला जातीयवादी म्हणत नाही!

आणि रांग तरी खरी का? २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे चार लाख ऐंशी हजार घरे रिकामी आढळली. घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचे भाडे तेथे दोन-तीन टक्क्यांच्या घरात. ज्याने किंमत चढेल म्हणून घर घेतले, त्याला भाडे ही वरकमाई आहे. तिच्यासाठी भिंतीवर एक ओरखडाही तो का सोसेल? कुलूप परवडते, कुत्रा परवडत नाही. रिकार्डोचा खंडसिद्धान्त शिकविताना जमीनमालकाविषयी मी पुष्कळ कठोर बोलत असे. त्या वेळी मी स्वतः मालक नव्हतो.

मालकांचे भय निराधार होते असे नव्हे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईची भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले, आणि 'ठेवलेला माणूस निघत नाही' ही धास्ती मध्यमवर्गाच्या मनात कायमची बसली. परंतु १९९९ चा कायदा २००० सालापासून लागू आहे. आज अकरा महिन्यांचा करार नोंदविला की मुदतीनंतर ताबा मिळविण्याचा सोपा मार्ग मालकाला आहे. भय जुने, कायदा नवा, आणि दोन्हींचा भार त्या परिचारिकेच्या डोक्यावर.

कुत्र्याचे म्हणाल, तर प्राणी पाळण्यास गृहसंस्थेने बहुमतानेही बंदी करू नये, उद्वाहकातून नेण्यास अटकाव करू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली कळविले आहे. सजीवांविषयी भूतदया हे तर घटनेतील मूलभूत कर्तव्य. आणीबाणीतल्या ज्या बेचाळिसाव्या दुरुस्तीला आपण शिव्या दिल्या, तिच्यातच ते आले. परंतु हे सारे घराच्या आत आल्यावर. घर देण्याचीच मालकावर सक्ती नाही. शेजाऱ्याला भुंकण्याचा त्रास होतो, मुले घाबरतात, हेही खरे. त्यावर पट्टा, लसटोचणी, स्वच्छता असे उपाय आहेत. उंबऱ्यावरच्या नकारावर उपाय नाही.

आपण बसलो आहोत त्या या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या घेऊन लाखो माणसे येतात. पिढ्यान्‌पिढ्या गावोगावचे भाविक ठरलेल्या गुरवाच्या घरी उतरत आले. बैलगाड्यांचे दिवस होते तेव्हा माणसाबरोबर बैलही मुक्कामाला असत. त्यांच्या दावणीची सोय गृहीतच धरलेली. आमच्या सोसायटीच्या कचेरीत दत्ताची तसबीर आहे. पायाशी चार कुत्री!

गुरवाच्या ओसरीने मुंबईचा प्रश्न सुटणार नाही, हे मी जाणतो. पण याच कोल्हापुरात १९०१ साली शाहू महाराजांनी वसतिगृह काढले आणि मग निरनिराळ्या समाजांसाठी ती निघत गेली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहावयास जागा नसेल तर शाळेचे दार उघडे असून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. मुंबईत बी.डी.डी. चाळी बांधून १९२० च्या दशकात परके सरकारसुद्धा घरमालक झाले. आपले सरकार मात्र सोडत काढते ती मुख्यतः विकावयाच्या घरांची. २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांपुरती ठेवली आहे. पण तो राज्यांवर बंधनकारक नाही. सरकार, महापालिका यांनी भाड्याची घरे बांधावीत आणि रिकाम्या घरांवर कर बसवावा, ही मागणी आपण पुन्हा उचलली पाहिजे. दारोदार मालकांच्या सद्‌बुद्धीची याचना करीत हिंडण्याने काही व्हावयाचे नाही. माझ्या सद्‌बुद्धीचा अनुभव मी सांगितलाच आहे.

त्या बाईंना मी पुढे फोन केला. त्यांनी बदलापूरला खोली घेतली होती. परळला जाण्यास लोकलने दीड तास, येण्यास तेवढाच. रात्रपाळी असली की कुत्रा शेजारच्या आजींकडे असे. त्या रागावल्या नव्हत्या. "सर, तुमच्याआधी सात जणांनी नाही म्हटलं होतं," एवढेच म्हणाल्या.

गेल्या महिन्यात माझ्या घराचा नवा करार झाला. 'पाळीव प्राणी ठेवणार नाही' हे दलालाचे छापील कलम मी खोडले. नव्या भाडेकरूपाशी एक कुत्री आहे. सोसायटीच्या चिटणिसांचा दोनदा फोन आला आणि येत्या रविवारच्या सभेस मला बोलावले आहे. २०१५ चे ते पत्रक घेऊन मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघणार आहे.