शेवटच्या दिवसांतली सोबत



सरांनी आधीच बजावलंय, "कॉम्प्युटरवर बोलू नकोस." म्हणून वेगळ्याच विषयावर बोलते.

आपल्यातले कितीतरी जण आज पुण्या-मुंबईत आहेत, काही परदेशात. आई-वडील मात्र इथंच, परभणीत, सेलूत, गंगाखेडला. आजार बरा होणारा असला तर आपण त्यांना देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला नेतो. पण डॉक्टर म्हणतात, "आता घरी न्या," तेव्हा पुढं काय करायचं ते कळत नाही.

अशा रुग्णांसाठी हॉस्पिस असतं. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची मोफत काळजी घेतं. पण इथल्या माणसाला वारजे लांब, आणि शेवटी बहुतेकांना आपलंच घर हवं असतं. केरळनं त्यावर वाट काढली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचा दवाखाना सुरू केला. त्यातून पुढं गावोगावी प्रशिक्षित स्वयंसेवक उभे राहिले. त्यांत कॉलेजची मुलं-मुलीही आहेत.

माझी मावशी मानवतला दोन महिने अंथरुणाला खिळून होती. समोरच्या घरातला बी.एस्सी.चा मुलगा रोज संध्याकाळी यायचा. पेपर वाचून दाखवायचा, कूस बदलायला काकांना हात द्यायचा. तेवढ्या तासात काका बाजार करून यायचे. "मला आता दवाखान्यात नेऊ नका," हे मावशी आमच्याशी नाही, त्याच्याशी बोलली. घरच्यांचा धीर सुटेल, ही भीती तिला त्याच्यासमोर नव्हती. त्यानं ते काकांना सांगितलं, आणि मावशी घरीच, शांतपणे गेली.

कुणी म्हणेल, कोवळ्या मुलांनी मरण कशाला बघायचं? आपण आजोबांना माजघरात जाताना पाहिलंच ना! पण मुलांना नुसतं ढकलून चालणार नाही, हेही खरं. वय अठरा पूर्ण हवं. आधी प्रशिक्षण हवं. एकट्यानं नाही, जोडीनं जायचं. औषध द्यायचं नाही, ते डॉक्टर-नर्सचं काम. रुग्णाची गोष्ट बाहेर बोलायची नाही. काळजीचं काही असेल तर ते गटातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. परीक्षेच्या दिवसांत सुट्टी. आणि रुग्ण गेल्यावर त्या मुलांशी कुणीतरी मोठ्यानं बसून बोलायचंच.

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास सेवा करायची असते. झाडं लावावीत, रस्ते झाडावेत; पण त्यातले थोडे तास एखाद्या अंथरुणापाशी का नसावेत? परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. तिथल्या डॉक्टरांना आपण भेटू.

आपल्या बॅचकडे माझं मागणं छोटं आहे. इथं राहणाऱ्या दोघा-तिघांनी कॉलेजांशी बोलावं. बाहेरच्यांनी प्रशिक्षणाचा आणि दोन-चार हवेच्या गाद्यांचा खर्च उचलावा. यादी, वेळापत्रक, फोन हे काम माझ्याकडे. सरांनी नको म्हटलेला कॉम्प्युटर तेवढ्यापुरता वापरीन!

समोर आपले गुरुजन बसलेत. त्यांनी आपल्याला बोट धरून शिकवलं. उद्या त्यांच्यापैकी कुणाला सोबत लागली, तर आपण पोचेपर्यंत शेजारी एखादा विद्यार्थी बसलेला असावा. चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव लिहूनच जा.