बारापेडेची वटवाघळे

आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात बारापेडे गुहा आहे. रॉटनचे वटवाघूळ शास्त्रज्ञांना १९१३ साली कळले ते इथूनच. पुढे कित्येक दशके जगात दुसरीकडे त्याचा ठावच लागला नव्हता. कायद्याने त्याला वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. पण हौशी माणसे गुहेत शिरून बॅटऱ्या मारू लागली, धूर करू लागली, तर कायदा काय करणार? बहुतेक वटवाघळांना वर्षाला एकच पिल्लू होते. गोंधळात ते खाली पडले, की ते वर्ष गेलेच.

म्हणून तरुण स्वयंसेवकांना विनंती, गुहेत जाऊ नका. आपल्या गल्लीतल्या वडापासून सुरुवात करा. तिन्हीसांजेला लांब उभे राहून वटवाघळे मोजा, वहीत लिहा, मुलांना दाखवा. आणि यंदा विसर्जनाचे फटाके त्या वडाखाली नकोत.

गणपती बाप्पा मोरया!